उजव्या हाताचं प्लास्टर

मी, खाली सही करणारी बाई, वय त्र्याहत्तर, सरकारी इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. काल डॉक्टरांनी येऊन वार, तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी त्यांना थेट दोनपर्यंत आणून सोडलं. कोणाचा दबाव नाही, कोणी फूस लावलेली नाही. राग मात्र आहे. वकीलसाहेबांना विचारलं, रागाच्या भरात केलेलं मृत्युपत्र चालतं का? ते म्हणाले, "किती दिवसांचा राग आहे?" म्हटलं, चाळीस वर्षांचा. म्हणाले, "मग तो राग नाही बाई, तो स्वभाव झाला. चालतं."

वकीलसाहेबांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. साक्षीदार दोन हवेत. आणि साक्षीदाराला या कागदातून काहीही घेता येत नाही. ज्याने सही केली त्याचा वाटा गेला. म्हणून मी डॉक्टर आणि समोरचा शिंपी यांना बोलावलं आहे. त्यांना माझ्याकडून चहापलीकडे काही मिळणार नाही, आणि शिंप्याने माझ्या दोन झग्यांची जी वाट लावली आहे ती पाहता चहाही जास्तच झाला.

यापूर्वी मी तीन मृत्युपत्रं केली. तिन्हींमध्ये मालमत्ता खरी होती आणि कारणं खोटी होती. ती तिन्ही आजपासून रद्द.

कलम १. माझा देह. देह शिकाऊ डॉक्टरांना द्यावा. त्यांना माझं डावं मनगट मोडून जुळलेलं सापडेल. ते नवऱ्याने मोडलं. दुसऱ्यांदा त्याने हात उचलला तेव्हा मी चुलीवरचा उकळता चहा त्याच्या तोंडावर ओतला आणि पायात चपला घालून निघाले. संसार तीन वर्षांचा. त्याच्याविषयी या कागदात पुढे काही नाही, कारण त्याला द्यायचं होतं ते तेव्हाच दिलं.

मी काही गरीब गाय नाही, हे वाचणाऱ्याने सुरुवातीलाच समजून घ्यावं. पुढे कामाला येईल.

कलम २. माझा धाकटा भाऊ. थोर चित्रकाराच्या संग्रहालयात तो रखवालदार होता, आता मुख्य रखवालदार आहे, आणि कसा झाला ते खाली येईलच. चित्रकाराचं नाव मी लिहीत नाही. गावभर पाट्या आहेत, आणखी एक कशाला? मी त्याला थोर म्हणते. घरात सगळे तेच म्हणतात.

भावाला प्लास्टर कापायची माझी मोठी कात्री द्यावी. त्याला दुसरंच काहीतरी हवं आहे. गेली दोन वर्षं दर रविवारी येऊन तो माझ्या कपाटाकडे बघत बसतो. "अक्का, ते तुझ्याकडे पडून काय उपयोग? काचेच्या पेटीत ठेवू, खाली तुझं नाव लिहू." कपाटात थोराच्या उजव्या हाताचं प्लास्टर आहे, त्यावर त्याने डाव्या हाताने काढलेलं चित्र आहे. भावा, ते तुला मिळणार नाही. का, ते कलम सहामध्ये वाच. उड्या मारत पुढे जाऊ नकोस, ओळीने वाच. लहानपणीही तू गोष्टीचा शेवट आधी विचारायचास.

कलम ३. माझं नाटक. 'तिघी' या तीन अंकी नाटकाची हस्तलिखित वही, संशोधनाच्या अकरा वह्या आणि माझी सगळी शिल्लक मी माझ्या भाचीला देते. भाची म्हणजे वरच्याच भावाची मुलगी. बापावर गेली नाही, हे तिचं नशीब आणि माझं.

हे नाटक कसं सुरू झालं ते लिहिणं भाग आहे. इस्पितळाच्या नाट्यमंडळात मी आयुष्यभर विंगेत उभी राहून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटली. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, एका दुपारी भावाचा डबा द्यायला संग्रहालयात गेले. तो लोकांना दालनं दाखवत होता. 'खिडकीतली' या चित्रापुढे उभा राहून त्याचं पाठ केलेलं चाललं होतं: "पाहा, उजव्या हाताने डावं कोपर कसं अलगद धरलंय, मान एका बाजूला कशी कललीय. ही लज्जा आहे. मास्तरांना स्त्रीच्या मनाचा ठाव लागला होता."

लज्जा कसली डोंबलाची! एकतीस वर्षांत अशी बसलेली माणसं मी हजारांनी पाहिली. गळ्याजवळचं हाड मोडलं की माणूस त्याच बाजूला मान टाकतो, हनुवटी दुसरीकडे वळवतो आणि दुसऱ्या हाताने कोपर उचलून धरतो, कारण हात खाली सोडला की जीव जातो. मी शेजारचं चित्र पाहिलं, 'फळं सोलणारी'. ती त्याची बायको. तिने मान वळवून उजवा कान पुढे केला होता. डाव्या कानाचा पडदा फाटलेला माणूस असाच ऐकतो. त्या दालनात चोवीस चित्रं होती. मी डबा हातात घेऊन सगळी पाहिली, आणि प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं मला.

भावाला म्हटलं, "अरे, या बायकांना मारलंय."

तो म्हणाला, "अक्का, हळू बोल. तिकीट काढून आलेत लोक."

तेव्हा ठरवलं, या बायका कोण होत्या ते शोधायचं आणि त्याचं नाटक करायचं.

कलम ४. थोरली. बायकोला मी थोरली म्हणते. ती तेव्हा ऐंशीची होती, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत, पडदे ओढून राहायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने पाण्याचा तांब्या फेकून मारला. नेम चांगला होता. कपाळाला तीन टाके पडले. दुसऱ्यांदा टाके काढून गेले तर म्हणाली, "परत आलीस? मग बस." तिने सांगितलेलं तीन वह्या भरून आहे. ती ते बाजारहाटाच्या यादीसारखं सांगायची. पहिल्या वर्षी थोबाडीत. दुसऱ्या वर्षी कान. मूल पोटात असताना लाथ, म्हणून मूल नाही. कॅनव्हास ताणायच्या चौकटीने पाठ. "आणि नंतर चित्र काढायचा हं. मारून झालं की त्याचा हात फार छान चालायचा. 'हलू नकोस, तशीच बस,' म्हणायचा. मी कशाला हलतेय? हलायला येत होतं का?"

मी विचारलं, "तुम्ही कधी उलट हात उचलला नाहीत?"

ती म्हणाली, "एकदा वाकले. म्हणजे त्याने ठोसा मारला आणि मी वाकले. भिंतीवर बसला. तेवढंच माझं कर्तृत्व."

हा ठोसा वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा. थोरली नऊ वर्षांपूर्वी वारली. तो तांब्या तिने मला दिला, तो मी भाचीला देते. कोणावरही फेकावा, पण नेम धरून.

कलम ५. रंगवाली आणि माझं घर. त्या चित्रातली खिडकीतली आणि रंगवाली या सख्ख्या बहिणी. मोठ्या बहिणीने थोरापुढे चित्रासाठी बसायचं आणि धाकटीने मागच्या खोलीत रंग खलायचे, असं काम लागलं होतं. खिडकीतली चाळीस वर्षांपूर्वी त्याच घरात मेली. कागदोपत्री जिन्यावरून पडून. धाकटी मला एका कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करताना सापडली. तिला मी रंगवाली म्हणते, ती मला बाई म्हणते. दुकान बंद पडलं तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, मी तिला माझ्या घरी आणलं. ती मागच्या खोलीत राहते. भांडते, मिठाचा हात जड आहे, माझ्या खोकल्यावर तिची नजर असते. तिला या जगात दुसरं छप्पर नाही.

माझं हे राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा दगडी ओटा, मी रंगवालीला देते. अट एकच. घर देण्याआधी कलम सहा तिला मोठ्याने वाचून दाखवायचं. मी मेल्यावर नाही. आज, सह्या होण्याआधी, मीच वाचणार आहे. ऐकून तिने ठरवावं.

कलम ६. प्लास्टर. हे कलम मी याआधी तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

चाळीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी थोर माझ्या प्लास्टरच्या खोलीत आला. उजव्या हाताचं करंगळीमागचं हाड मोडलं होतं. भिंतीला नाहीतर माणसाला ठोसा हाणल्याशिवाय ते हाड सहसा मोडत नाही, हे त्या खोलीतली सफाईवालीसुद्धा सांगेल. सोबत बायको होती, ओठ सुजून कानापर्यंत गेलेला. मी विचारलं, काय झालं? तीच म्हणाली, "यांचा हात दारात अडकला." तो म्हणाला, "तुला विचारलंय का?" आणि डाव्या हाताने त्याने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचे गुडघे वाकले. तिने आवाज केला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जपून गं. तुझं अख्खं इस्पितळ विकलं तरी या हाताची किंमत भरून येणार नाही."

डॉक्टर कागदावर सही करून शस्त्रक्रियेला गेले होते. खोलीत मी, कोमट पाण्याची बादली आणि पट्ट्या.

या हाडाचं प्लास्टर घालताना पहिला नियम हा की बोटांची मुळं वाकवून ठेवायची. मूठ अर्धी मिटल्यासारखी. सरळ ठेवली तर आतले बंध आखडतात आणि सहा आठवड्यांत बोटांना कुलूप लागतं, मग ती मिटत नाहीत. नव्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचे. त्या दिवशी मी थोराची चारही बोटं फळीसारखी सरळ ठेवली. जिथे आठ थर पुरले असते तिथे वीस दिले. कोपरापर्यंत नेलं. तो म्हणाला, "फार जड आहे." मी म्हटलं, "मोठा हात आहे साहेब, मोठंच लागणार."

मी मनात काय म्हटलं तेही लिहिते. मी म्हटलं, आता मार.

चुकून नाही केलं. माझ्या मनगटात तेव्हाही कळ होती, ती कळ माझ्या हातात उतरली, आणि मला आनंद झाला. त्या दिवशी मी डबा पोटभर खाल्ला.

सहा आठवड्यांनी तो प्लास्टर काढायला आला. पुढची कड तुटून टवका गेला होता. वर कोळशाने एका बसलेल्या बाईचं चित्र होतं, आणि कडेला तपकिरी, तांबूस डाग, आत कापसापर्यंत मुरलेला. मी म्हटलं, "साहेब, रंगात बुचकळलंत की काय?" तो हसला. मीही हसले. कापून काढल्यावर म्हणाला, "ठेव तुला. म्हातारपणी विकून खा." मी ते घरी आणलं. खरं सांगते, मिरवलंसुद्धा. शेजारणींना दाखवलं.

त्याची बोटं पुन्हा मिटली नाहीत. तो मनगटाला ब्रश बांधून चित्रं काढू लागला, रेघा थरथरू लागल्या, आणि शहाण्या लोकांनी त्याला उत्तरकाळ असं नाव देऊन डोक्यावर घेतलं. माझा भाऊ त्या दालनात सांगतो, "ही थरथर मास्तरांच्या हृदयाची." हृदयाची नाही रे बाबा. तुझ्या बहिणीच्या वीस थरांची. मी चिडायचे, पण आतून बरंही वाटायचं. मूठ तरी मिटत नव्हती ना त्याची! कोणाला तरी त्या मुठीतून वाचवलं असेल, असं मी एकोणतीस वर्षं समजत होते.

अकरा वर्षांपूर्वी तालीम चालू असताना रंगवाली समोर बसली होती. भाची खिडकीतलीचं काम करायची. तासभर बसून तिला ती पोझ जमेना. दर दहा मिनिटांनी मान अवघडायची. मग मी तिचा हात गळ्याशी बांधला, मोडल्यासारखा, आणि ती आपसूक तशी बसली. रंगवालीने ते पाहिलं आणि उभी राहिली. म्हणाली, "ताई अशीच बसायची." आणि इतकी वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं, तिथेच, उभ्याउभ्या.

तिचे शब्द वहीत आहेत तसे: "त्याच्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. हे एवढं, ओंडक्यासारखं. चित्र काढता येईना म्हणून पिसाळल्यासारखा झाला होता. एक दिवस डाव्या हाताने त्या प्लास्टरवरच ताईचं चित्र काढलं आणि तिला दाखवलं. ताई हसली. म्हणाली, 'हे काय, भोपळा काढलाय?' नेहमीच्या हाताने थोबाडीत मारली असती तर ताई पडली असती आणि उठली असती. तिला सवय होती. पण त्याने प्लास्टर घातलं डोक्यात. एकदाच. एकदाच घातलं बाई. मी रंगाचा खल हातात घेऊन दारात उभी होते. मग त्याने मला सांगितलं, जिना पूस."

सहा आठवडे ज्याच्या हातात ब्रश नव्हता त्याच्या प्लास्टरवर रंग कुठून येणार? हा साधा प्रश्न मला, जिला भिंतीवरच्या चित्रात मोडलेलं हाड दिसतं तिला, एकोणतीस वर्षांत पडला नव्हता.

आठ थरांचं प्लास्टर डोक्यात बसलं असतं तर ते फुटलं असतं. वीस थरांचं फुटलं नाही. एवढं हाडांचं आणि प्लास्टरचं मला कळतं.

 मी रंगवालीला पाणी दिलं. पुढच्या आठवड्यात तिसरा अंक लिहिला आणि थोराच्या हातात काठी दिली. रंगवाली म्हणाली, "काठी नव्हती गं, प्लास्टर होतं." मी म्हटलं, "मागच्या रांगेला प्लास्टर दिसत नाही. काठी दिसते." नाटकवाली म्हणून तिने माझं ऐकलं. भाचीही म्हणाली, "आत्या, काठी खोटी वाटते." तिलाही मी गप्प केलं. तिघींवर काय काय झालं ते सगळं खणून काढलं, लिहून काढलं, आणि माझं तेवढं झाकलं.

रंगवाली, मी तुला घरात आणलं ती दया नव्हती. तुझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझं कपाट आहे आणि त्यात ते आहे. सहा वर्षं तू माझी पाठ शेकलीस. मला रोज सांगायचं होतं आणि मी रोज भ्याले. तू जाशील म्हणून भ्याले.

कलम ७. पुन्हा धाकटा भाऊ. रंगवालीने सांगितलं त्यानंतर तीन आठवड्यांनी, पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दुपारी, संग्रहालयाच्या विश्वस्तांनी पाठवलेले चार जण तालमीच्या हॉलमध्ये आले. मागच्या दाराने. मागच्या दाराची कडी आतून होती. ती कोणी काढली हे मला त्याच संध्याकाळी कळलं, आणि महिन्याभरात भाऊ मुख्य रखवालदार झाला. त्या चौघांनी नेपथ्य फोडलं, दिवे फोडले, वह्या पाण्याच्या पिंपात बुडवल्या; त्या मी नंतर उन्हात वाळवल्या, अक्षर अजून लागतं. भाची आडवी गेली तर तिच्या नाकावर डोकं मारलं. ते नाक मीच बसवलं, जरा डावीकडे झुकलंय, माफ कर पोरी. ज्याने मारलं त्याचं कोपर मी निखळवलं. कोपर कुठून, किती वळवलं की निखळतं, हे मला झोपेतही आठवतं. तो असा ओरडला की बाकीचे तिघे पळाले. त्याला मग मीच इस्पितळात नेलं. रस्ताभर तो मला मावशी म्हणत होता.

तेव्हापासून नाटक बंद आहे. हॉल कोणी देत नाही.

भावा, तू कडी काढलीस तेव्हा आत तुझी मुलगी आहे हे तुला माहीत होतं. मी तुला माफ करत नाही. कात्री मात्र जपून वापर, धार अजून आहे.

कलम ८. नाटकाची अट. भाचीने 'तिघी'चा प्रयोग माझ्या पैशातून करावा. हॉल मिळत नसेल तर गोदाम घ्यावं, गोदाम मिळत नसेल तर माझं घर वापरावं. अर्थात रंगवालीची हरकत नसेल तर. तिसऱ्या अंकातून काठी काढावी. त्याआधी एक नवा प्रवेश घालावा: प्लास्टरची खोली, एक बाई, बादली, वीस थर. हा प्रवेश कलम सहामधून शब्दाला शब्द उचलावा. त्या बाईचं काम भाचीनेच करावं आणि तिला चांगली करून दाखवू नये. प्रेक्षकांना ती आवडली पाहिजे, आणि मग तिची किळस यायला पाहिजे. एवढं जमलं तर नाटक जमलं.

पहिल्या प्रयोगात कपाटातलं खरं प्लास्टर वापरावं. नंतर ते रंगवालीला द्यावं, सोबत हातोडा. पुढच्या प्रयोगांसाठी नकला कशा करायच्या ते अकराव्या वहीत आहे. आठ थर पुरतील.

कलम ९. हे कलम आज सकाळी सगळ्यांसमोर लिहीत आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण चष्मा फुटला आहे.

वरचं सगळं मी पुढच्या खोलीत मोठ्याने वाचलं. डॉक्टर, शिंपी, वकीलसाहेब, भाची आणि रंगवाली हजर होते. कलम सहा वाचताना रंगवाली भिंतीला टेकून उभी होती. वाचून झाल्यावर ती माझ्यापर्यंत चालत आली आणि तिने मला मारलं. उघड्या हाताने, पण इस्त्रीवालीचा हात आहे. चष्मा जमिनीवर पडून फुटला. डॉक्टर मध्ये आले तर मी त्यांना बसवलं. तिने दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच धरून राहिली, मग खाली घेतला.

ती म्हणाली, "वीस?"

मी म्हटलं, "वीस."

"आठ असते तर?"

"माहीत नाही. कदाचित वाचली असती."

 शिंपी निघायला लागला तर रंगवाली म्हणाली, "बसा. चहा व्हायचाय." मग वकीलसाहेबांना विचारलं, "हिने मला घर दिलंय, ते नको म्हणायचं असेल तर काय लिहावं लागतं?"

वकीलसाहेब म्हणाले, "घाई करू नका. नंतर जाल कुठे?"

"ते माझं मी बघीन. हिच्या हातचं छप्पर मला नको. मीठ खाल्लं तेवढं पुरे झालं." मग थांबून म्हणाली, "पण हा कागद पक्का व्हायला पाहिजे. नाटक व्हायला पाहिजे. ताईला अकरा वर्षं काठीने मारलंय हिने, आणि मी समोर बसून ऐकून घेतलं." तिने शिंप्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "दुसरी सही मी करते."

वकीलसाहेबांनी तिला पुन्हा समजावून सांगितलं की साक्षीदाराला यातून काहीच मिळत नाही, घर नाही, हातोडासुद्धा नाही. ती म्हणाली, "एकदा सांगितलंत. मी बहिरी नाही."

भाची रडायला लागली तर रंगवाली तिच्यावर खेकसली, "रडतेस काय? तिसरा अंक पाठ कर."

म्हणून कलम पाचमध्ये आणि कलम आठच्या शेवटी बदल करून मी घर भाचीला देते, आणि प्लास्टर व हातोडा नाटक संपल्यावर तिच्याकडेच राहावीत. भाचीने कोणाला घरात ठेवायचं, प्लास्टर कोणाला फोडू द्यायचं, हे सांगणारी मी कोण? दार कोणत्या बाजूने उघडायचं ते तिला कळतं.

माझ्या घरी, पुढच्या खोलीत, महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, चष्म्याशिवाय पण शुद्धीत, मी सही केली. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना.

सही: प्लास्टरबाई

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाई शुद्धीत आहेत. डाव्या गालाला सूज आहे, पण हाड मोडलेलं नाही.

साक्षीदार दुसरा: ~~समोरचा शिंपी~~ रंगवाली. खिडकीतलीची धाकटी बहीण. मला वाचून दाखवलं. मी तेव्हा दारात होते. काठी नव्हती.